आरशाचा कॅमेरा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय घ्यावे, याविषयी आमच्या हिची मते ठाम आहेत. त्या यादीत रक्तदाबाची गोळी आहे, कॅमेरा नाही. पण वीस वर्षे दुसऱ्यांचे फोटो खाते उघडायच्या अर्जांवर चिकटवल्यावर आपणही एखादा काढावा असे वाटले, तर त्यात गैर काय?

"डीएसएलआर? साहेब, आता मिररलेस घ्या," दुकानदार म्हणाला. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. आत आरसा होता हेच मला ठाऊक नव्हते, तर तो गेल्याचे सुतक कसे पाळायचे? पण मी पडलो बी.कॉम. खाते बंद करण्यापूर्वी मागच्या नोंदी पाहायची सवय.

त्याचे असे आहे. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वर जातो, म्हणून जे फिल्मवर उमटणार तेच डोळ्याला दिसते. १९३६ साली ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टात ही सोय होती. पण वरून डोकवायचे, आणि डावे ते उजवे दिसायचे. नावे-जमेत अशी अदलाबदल मी केली असती तर मेमो मिळाला असता. १९४९ मध्ये त्याच गावच्या कॉन्टॅक्स एसमध्ये प्रिझम बसले आणि जग सरळ झाले. आरसा मात्र एकदा वर गेला की चहाला गेलेल्या कॅशियरसारखा. फिल्म पुढे सरकवेपर्यंत परत येत नसे. तोवर काळोख. १९५४ च्या असाहीफ्लेक्सने त्याला लगेच खुर्चीवर परतायला शिकवले.

डिजिटलचा जन्म कोडॅकच्या घरचा. १९७५ साली तिथल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने केलेला कॅमेरा साडेतीन किलोंहून जड होता, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. (आमच्या पासबुकाच्या यंत्रापेक्षा बराच वेगवान!) १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ-३ ला डिजिटल पोट लावले. फोटो साठवायची पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची. किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरांच्या आत आला आणि नवशिक्यांची सोय झाली. फिल्म विकून मोठ्या झालेल्या कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे सगळे वाचताना एक गोष्ट खटकली. फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो. म्हणजे नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही.

बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता. त्यात आरसाबिरसा काही नव्हता. रोलला बारा फोटो, आणि ते बारा पुरवून पुरवून काढायचे. ऊन पाठीशी हवे म्हणून बाबा आम्हाला उन्हाकडे तोंड करून उभे करायचे; त्यामुळे अल्बमभर आम्ही सगळे डोळे बारीक केलेले. आई आहे, मी आहे, शेजाऱ्यांची म्हैससुद्धा आहे. बाबा कुठेच नाहीत. एका फोटोत तेवढी अंगणात त्यांची लांब सावली पडली आहे, दोन्ही कोपर वर उचललेली.

शेवटी वापरलेला, पण आरशाचाच घेतला. स्वस्त पडला, हे घरी सांगायचे कारण. हिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"याला टायमर आहे का हो?"

"आहे. दहा सेकंदांचा."

"दहा सेकंदांत तुम्ही सोफ्यापर्यंत पोचाल?"