जांभळ्या वाटीचा प्रवास

मोबाईलवर ते चित्र तुम्ही पाहिलं असणार. नारळाच्या करवंटीत जांभळा घट्ट गर, वर केळ्याच्या चकत्या आणि काहीतरी कुरकुरीत. नाव 'स्मूदी बाऊल'. आमच्या गटांच्या मासिक बैठकांत हल्ली विचारणा होते, "ताई, ही पौष्टिक वाटी घरी जमेल का? आणि ती जांभळी पावडर कुठं मिळते?" वाटी घरी जमेल. पावडरीवर बचतीचे पैसे घालण्याआधी मात्र तिचा इतिहास ऐकून घ्या.

त्या फळाचं नाव आसाई. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदी जिथं समुद्राला मिळते तिथला पारा प्रांत आणि बेलें शहर हे त्याचं माहेर. झाड ताडामाडाच्या कुळातलं, पण सडपातळ. फळ करवंदाएवढं, त्यातही बहुतेक सगळी बीच, वर गराचा पातळसा थर. पायात फास अडकवून माणसं झाडावर चढतात, आपल्या कोकणात माडावर चढतात तशीच. फळं कोमट पाण्यात भिजवायची, चोळायची, गाळायची. पूर्वी हे हातानंच व्हायचं, आता यंत्रं आली. आणि ऐका, त्या गरात गोडवा जवळजवळ नाहीच. चव थोडी मातकट, थोडी तेलकट. तिथले लोक तो कसाव्याच्या भरड पिठाबरोबर खातात, सोबत तळलेला मासा किंवा सुकी कोळंबी. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच! थोडक्यात, आपल्याकडं आंबील-भाकरी, तसं तिथलं आसाई. नदीकाठच्या गरिबाचं रोजचं जेवण.

तिथं एक लोककथा सांगतात. टोळीत अन्न पुरेना, तेव्हा मुखियानं हुकूम काढला की नवीन जन्मलेलं मूल जगवायचं नाही. त्यात त्याच्याच मुलीचं, इयासाचं, बाळ गेलं. एका रात्री तिला झाडापाशी बाळाचा भास झाला, ती धावत गेली आणि सकाळी त्या झाडाला मिठी मारलेल्या अवस्थेत तिचा देह सापडला. तिचे उघडे डोळे वर फळांकडं लागलेले. मुखियानं फळं उतरवली, टोळीचं पोट भरलं, हुकूम मागं घेतला. इयासा हे नाव उलटं वाचलं की आसाई. ही कथाच, पण भुकेच्या दिवसांत हे फळ कुणाच्या कामी आलं ते त्यातून कळतं.

१९७० च्या दशकात या झाडांवर संकट आलं. खोडाच्या शेंड्याचा कोवळा गाभा डब्यात भरून विकायचा धंदा दक्षिणेकडची झाडं संपवून इकडं वळला आणि झाडं तोडली जाऊ लागली. पुढं फळालाच मागणी आली म्हणून तोडीपेक्षा झाड राखणं परवडायला लागलं. ही मागणी आली कुठून? रिओ शहरातून. तिथं जिउ-जित्सू ही कुस्ती शिकवणाऱ्या ग्रेसी कुटुंबानं आपल्या आहारात आसाई घेतलं. मग समुद्रकिनाऱ्यावरची तरुण मुलं ते खाऊ लागली. फळाचा गर दिवसभरात खराब होतो, म्हणून तो गोठवून पाठवायचा. रिओत त्यात ग्वाराना फळाचा गोड पाक घातला, केळं घातलं, वर ओट्सचा कुरकुरीत चुरा टाकला. मासा गेला, साखर आली. आज आपण मोबाईलवर पाहतो ती ही वाटी.

२००० साली कॅलिफोर्नियाच्या सॅम्बाझोन कंपनीनं तो गर अमेरिकेत विकायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत आसाईनं वजन उतरतं अशा जाहिरातींचा पूर आला. ऑप्रा विन्फ्रे आणि डॉक्टर मेहमेत ऑझ यांची नावं न विचारता वापरली गेली, तेव्हा दोघांनी २००९ मध्ये न्यायालयात दावा लावला. २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं खोट्या बातम्यांची पानं बनवून आसाईच्या गोळ्या विकणाऱ्यांवर कारवाई केली. इकडं बेलेंमध्ये भाव चढले आणि ज्यांचं ते रोजचं जेवण, त्यांनाच ते महाग पडू लागलं. झाडं उतरवणाऱ्यांच्या हातात पैसा आला हेही खरं. पण शहराला नाचणी आवडू लागली की आपल्या डोंगरातल्या घरी ती किती उरते, हे आपणही बघतोच की.

फळाला नको ते श्रेय देण्याची खोड जुनीच आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी पोटाच्या एका चिवट आजारात मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. मुलं सुधारली, केळ्याचा जयजयकार झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलंडच्या डॉक्टर विलेम डिके यांनी खरं कारण दाखवलं: त्या मुलांना गहू सोसत नव्हता आणि केळ्यांच्या आहारात तो बंद झाला होता.

आवळ्याचं श्रेय मात्र खणखणीत आहे. १९३९-४० च्या दुष्काळात हिस्सार भागात, म्हणजे आजच्या हरियाणात, हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही पसरला, तेव्हा आवळा देऊन रोगी बरे झाल्याची नोंद आहे. महायुद्धात हिंदी सैनिकांनाही आवळ्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्याची जाहिरात कुणी करवंटीत घालून केली नाही, इतकंच.

आता वाटी. दोन जणींपुरती सांगते. दोन पिकलेली केळी, अर्धी वाटी फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही आणि हिवाळा असेल तर अर्धा किसलेला आवळा. जूनमध्ये त्याऐवजी मूठभर जांभळांचा गर, म्हणजे रंगही तोच येतो. फ्रीज असेल तर केळ्याच्या चकत्या आधी गोठवा, त्यानंच घट्टपणा येतो. पाणी घालू नका. साखर नकोच, आवळा फार आंबट लागला तर गुळाचा खडा पुरे. वर राजगिऱ्याच्या लाह्या, भाजलेले तीळ, जवस आणि शेंगदाणे. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूटच घाला. आणि मिक्सर नसेल किंवा लाईट गेली असेल तर केळी हातानं कुस्करा, दही रवीनं घोटा. सासूबाई म्हणतील, अगं हे तर शिकरणच झालं. म्हणू देत.