घाट, ट्रॅप आणि दख्खनची 'अचल' भूमी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील राहनाळ हे गाव उत्तर कोकणच्या सखल पट्टीत वसलेले आहे. तेथील काळा कातळ आणि पूर्वेकडील सह्याद्रीच्या कड्यांतील कातळ मूळचे एकाच जातीचे. दोन्ही स्थळांच्या उंचीत मात्र सहस्रावधी फुटांचे अंतर आहे. ते कसे पडले, या प्रश्नाला परंपरेने परशुरामकथेचे उत्तर दिले. कथा म्हणजे भूशास्त्र नव्हे. तथापि पठार आधीचे व किनारपट्टी नंतरची, ही जाणीव तीत आहे, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

या खडकास भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द पायरीवाचक स्वीडिश शब्दापासून आला. मराठीतील 'घाट' हा शब्दही नदीकाठच्या पायऱ्यांसाठी आणि डोंगरातील चढणीच्या वाटेसाठी योजला जातो. पुढे युरोपीय लेखकांनी तो संपूर्ण पर्वतरांगेस लावला. परस्परांपासून दूरच्या दोन भाषांनी एकाच भूरूपाकडे पायरीच्या रूपकातून पाहावे, हे लक्षणीय होय.

पायऱ्यांचे कारण सरळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून शिलारसाचे थरावर थर पसरले. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. विल्यम साइक्स याने दख्खनच्या भूरचनेवरील आपला निबंध १८३६ मध्ये प्रसिद्ध केला, तर ब्लॅनफर्डचा विस्तृत प्रबंध १८६७ चा. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. मुंबई-पनवेलच्या बाजूस ते समुद्राकडे झुकतात. या झुकावास 'पनवेलची वाक' हे नाव ऑडेन याने १९४९ मध्ये दिले. सेशेल्सचा भूखंड भारतापासून विलग होताना किनारा खचला, हे तिचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. घाटमाथा त्याच काळी उचलला गेला की पुष्कळ नंतर, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही. झीज होऊन भार हलका झाला की भूमी वर येते, हा विचारही या वादात वगळता येत नाही.

याच तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाची कुंडे जिवंत ज्वालामुखीची खूण समजणे चुकीचे ठरेल. भेगांतून खोल उतरलेले पाणी भूगर्भातील स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते, इतकाच त्याचा अर्थ.

ज्वालामुखी शांत झाला म्हणून भूमी अचल झाली, हा समज मात्र महागात पडला. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याने जुना प्रस्तरभंग चाळवला गेला, असे आज मानले जाते. १९८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातील भातसा जलाशयाच्या परिसरातही धक्के बसले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने सुमारे १०,००० बळी घेतले. दगडमातीच्या जड भिंतींनी ही संख्या वाढविली.

कोयना परिसरात पुढे खोल छिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी एकात सुमारे ९३० मीटर खोलीवर ट्रॅप संपून प्राचीन ग्रॅनाइट लागला. भूकंपांचा उगम त्याहूनही खोल, या ग्रॅनाइटमध्येच आहे. वरच्या पायऱ्या पाहून त्याचा अदमास लागत नाही.