वावड्याचा पुरावा

'वावडे' हा शब्द मराठी घरात कोणास शिकवावा लागत नाही. एकाला वांग्याचे वावडे, दुसऱ्याला कोळंबीचे, तिसऱ्याला अंड्याचे. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळावयाचे आणि 'पित्त उठले' म्हणून स्वस्थ बसावयाचे, हा उपचारही पिढीजात. परंतु या शब्दाला एक खोड आहे. नावडती भाजी पानाखाली दडविणारे पोरही वावड्याचेच नाव सांगते, आणि तीच भाजी खाल्ल्यावर ज्याचा श्वास कोंडतो तोही तेच नाव सांगतो. मग दुसऱ्याचे दुखणे पहिल्याच्या खाती मांडले जाते. दुखणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावयाचा तर पुरावा कोणता मागावा, हा प्रश्न कामगार-चळवळीत उमेदीची वर्षे गेल्यामुळे आम्हांस नित्य परिचयाचा आहे. वैद्यकाने तो कसा सोडविला, हे आम्ही त्याच कुतूहलाने वाचले.

प्रथम आमचाच गुन्हा सांगून टाकतो. तरुणपणी आम्ही कामगारांचे एक शिबिर भरविले होते. जेवणात दाण्याचे कूट घातलेली भाजी. एक तरुण सहकारी पान बाजूस सारून म्हणाला, "भाऊ, मला शेंगदाणा चालत नाही." आम्ही सर्वांदेखत हसून म्हणालो, "अरे, कामगाराच्या पोटाला कसले आले वावडे?" बिचाऱ्याने लाजेखातर चार घास खाल्ले. अर्ध्या तासाच्या आत त्याचे ओठ सुजले, छातीतून शिट्टी वाजू लागली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. गावातील डॉक्टर घरी सापडले व त्यांनी तत्काळ इंजेक्शन दिले, म्हणून तो वाचला. आमचे वाचन त्या रात्रीपासून सुरू झाले.

या विषयाचा आधुनिक इतिहास समुद्रावर सुरू होतो. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. हेतू असा, की थोडे विष दिले म्हणजे शरीर त्याविरुद्ध कणखर होईल. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. बावीस दिवसांनी पुन्हा अल्प मात्रा दिली, तो पंचवीस मिनिटांत मेला. शरीराची संरक्षक यंत्रणाच शरीरावर उलटते, हे यातून कळले. या उलट्या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव मिळाले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला.

तथापि, विष वेगळे आणि अन्न वेगळे. चारचौघांना पोसणारा घास एकालाच का मारतो? याचा पहिला भक्कम पुरावा १९२१ साली जर्मनीतील ब्रेस्लाउ येथे मिळाला. (हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ या नावाने आहे.) तेथील डॉक्टर हाइन्त्स क्युस्टनर यांना मासा चालत नसे; खाल्ला की खाज, गांधी, खोकला, उलटी. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्स यांना मासा खुशाल पचे. प्राउस्निट्स यांनी क्युस्टनरच्या रक्तातील द्रव आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. ती जागा लाल होऊन फुगून आली! म्हणजे क्युस्टनर यांचे वावडे त्यांच्या मनात नव्हते, रक्तात होते, आणि थेंबाने दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होते. दुसऱ्याचे दुखणे खरे की खोटे हे पाहण्यासाठी ते आपल्या अंगावर घेऊन पाहणारा हा मनुष्य आम्हांस फार मोठा वाटतो. नाझी सत्तेवर आल्यावर त्याला देश सोडावा लागला आणि इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर त्याने साध्या डॉक्टराचा व्यवसाय केला.

रक्तातील तो पदार्थ कोणता, हे कळावयास आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी १९६६ साली तो शोधला. त्यांनीही चाचणीसाठी आपलीच पाठ वापरली. स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे तेथेच मजल मारली, आणि १९६८ साली त्या पदार्थास 'आयजीई' हे नाव ठरले. आज कातडीवर टोचून किंवा रक्त काढून जी तपासणी होते, ती याच पदार्थाची.

येथे मात्र दुसरी बाजू सांगितली पाहिजे. तपासणीत खूण उमटली म्हणजे रोग आहेच असे नव्हे. कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा शेकडा सव्वीसांच्या वर लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध खूण सापडली. प्रत्यक्ष ॲलर्जी संभवनीय वाटली ती शेकडा एकाच्या आसपास. म्हणून निवाड्याची खरी रीत १९७६ साली अमेरिकेतील चार्ल्स मे यांनी रुळविली : संशयित अन्न झाकून द्यावयाचे, आणि कोणत्या घासात ते आहे हे रोग्यालाही ठाऊक नाही, समोरच्या डॉक्टरलाही नाही. दोन्ही पक्षांचे आग्रह बाहेर ठेवणारा असा लवाद आम्हांस आमच्या तंट्यांत कधी लाभला नाही. ही परीक्षा इस्पितळात, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाची असते, घरी नव्हे. उलट 'आयजीजी' नावाची रक्ततपासणी करून चाळीस पदार्थांची यादी हाती देणारे दुकानदार आहेत. ती खूण बहुधा एवढेच सांगते, की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. अशा यादीपायी दूध, गहू, डाळ सर्व बंद करून खंगलेली मुले आम्ही पाहिली आहेत. दुधाने पोट फुगणे हेही बहुधा वेगळे प्रकरण. तेथे दुधातली साखर पचविणारा रस कमी पडतो.

चूक तज्ज्ञांचीही झाली. २००० साली अमेरिकन बालवैद्यांच्या संघटनेने सांगितले, की धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊच नये. पण वावडे वाढतच गेले. २००८ साली असे दिसले, की लंडनच्या ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्राएलच्या ज्यू मुलांपेक्षा दसपट आहे. आणि इस्राएलची मुले पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती. मग गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ६४० तान्ही मुले निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमाने दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. २०१५ साली निकाल आला : पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत शेकडा सतरा मुलांना वावडे, खाणाऱ्यांत शेकडा तीन. जुना सल्ला २००८ सालीच मागे घेतला होता. आता तो उलटा झाला. पुढाऱ्यांनी आपले परिपत्रक चुकल्याचे असे उघड सांगितलेले आम्ही फारसे पाहिलेले नाही. (तान्ह्या मुलाला अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नये, घशात अडकतो, आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरास विचारावे.)

दूध व अंडे यांचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर जाते. शेंगदाणा, मासा यांचे बहुधा टिकते. कोळंबी-खेकड्याचे तर प्रौढपणीही नव्याने लागते. ज्याचे वावडे सिद्ध झाले त्याने तो पदार्थ टाळावा, आणि श्वास लागला, घसा आवळला, भोवळ आली तर आमसुलात किंवा गोळीत वेळ दवडू नये. तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच लागते, मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूत, आणि ताबडतोब, मग इस्पितळ. हे द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी शुद्ध रूपात वेगळे केले ते १९०१ च्याच सुमारास, जेव्हा रिशे समुद्रावर होते.

आमचा तो सहकारी आज नातवंडांत रमला आहे. शिबिरात अजून येतो. कुटाची भाजी आता वेगळ्या पातेल्यात होते, तिचा डावही वेगळा असतो, आणि पंगत बसण्यापूर्वी कोणाला काय चालत नाही ते वाढपी मोठ्याने विचारतो. गेल्या खेपेस पाच हात वर झाले. त्यांपैकी एक वांग्यासाठी होता, आणि तो नुसता नावडीचा असावा असा आम्हांस दाट संशय आहे. पण वांगे वाढले नाही.