लामत्याच्या रानातील गंधवाटा

वैनगंगेच्या खोऱ्यातून सातपुड्याच्या पठाराकडे चढणाऱ्या गोंदिया-नैनपूर-जबलपूर लोहमार्गावर, बालाघाट आणि नैनपूर यांच्या दरम्यान लामता हे गाव वसलेले आहे. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला आणि 1956 पर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चालला, त्यामुळे या मुलखाचा इतिहास विदर्भाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. लामत्याच्या पूर्वेस कान्हाचे रान आहे, पश्चिमेस पेंचचे, आणि मधल्या वनपट्ट्यातून वाघ, गवे, रानकुत्रे यांची ये-जा चालते. या पट्ट्याचा लिखित इतिहास महसूल, लाकूड, लोहमार्ग आणि शिकार यांच्या नोंदींतून उभा राहतो. येथील मोठ्या सस्तन प्राण्यांनी मात्र आपल्या हद्दी, नाती आणि वाटा दृष्टीपेक्षा गंधाने आखल्या, आणि ती आखणी समजून न घेता सांगितलेला या रानाचा इतिहास अपुरा राहतो.

आज या भागात हत्ती म्हटले की कान्हाच्या वनखात्याचे पाळीव हत्ती आठवतात. सोळाव्या शतकात परिस्थिती वेगळी होती. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत रानहत्ती आढळणाऱ्या प्रदेशांची यादी दिली आहे. तीत माळवा सुभ्यातील हंडिया, होशंगाबाद यांच्याबरोबर गढाचे नाव येते. गढा म्हणजे गढा-मंडला हे गोंडांचे राज्य. 1564 मध्ये गढ्याची राणी दुर्गावती धारातीर्थी पडल्यावर मोगल सरदार आसफखानाच्या हाती सुमारे 1,000 हत्ती लागले आणि त्यांपैकी 200 च त्याने अकबराकडे पाठवले, असे मोगल दरबाराचे वृत्तांत सांगतात. हत्तीण बंदिवासात क्वचितच विते, म्हणून एवढी गजशाळा भरलेली ठेवायची तर माणूस, रान आणि रानटी कळप यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला असावा लागतो.

हा संबंध गंधावर आधारलेला होता, याचा पुरावा फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात हस्तिवनाच्या रक्षकांना दिलेली सूचना अशी, की त्यांनी हत्तीच्या मूत्राने आणि लिदीने स्वतःचा मानवी वास झाकावा, बिब्ब्याच्या फांद्यांआड लपावे, आणि पाच-सात हत्तिणी बरोबर घेऊन, झोपण्याच्या जागा, पाऊलखुणा, लीद व नदीकाठची मोडतोड यांवरून कळपाचा अंदाज घ्यावा. हत्तिणीच्या गंधाने नर ओढला जातो हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते. नेमका कोणता पदार्थ त्याला ओढतो, हे समजायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

1996 मध्ये अमेरिकन संशोधिका बेट्स रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई हत्तिणीच्या मूत्रातील तो पदार्थ ओळखला. माजावर येण्याच्या सुमारास हत्तिणीच्या मूत्रात त्याचे प्रमाण वाढत जाते आणि नर सोंडेच्या टोकाने त्याचा थेंब टिपून टाळूकडे नेतो, जिथे याकोबसनचे इंद्रिय, म्हणजे हवेत सहज न पसरणारे रासायनिक संदेश वाचणारे स्वतंत्र घ्राणेंद्रिय, असते. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये असा निरोप पोचवणाऱ्या पदार्थाला फेरोमोन म्हणतात. आश्चर्याची गोष्ट अशी, की हाच पदार्थ शंभराहून अधिक जातींचे पतंग जोडीदाराला बोलावण्यासाठी वापरतात. नराच्या मदस्रावाचेही तसेच. कानशिलाजवळच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या या स्रावात फ्रॉन्टालिन नावाचे संयुग असते, जे आधी झाडांच्या सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांमध्ये माहीत होते. त्याची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे असतात आणि त्यांचे परस्परप्रमाण नराच्या वयानुसार बदलते, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. कोवळ्या नराच्या मदाला मधासारखा वास येतो आणि प्रौढाच्या मदाला उग्र दर्प येतो. मदाच्या गंधाने हत्तीच्या गंडस्थळाभोवती भ्रमर घोंघावतात, हा संस्कृत काव्यातला संकेत निव्वळ अलंकार मानला जात असे, आता त्यामागे पाहणाऱ्याच्या नाकाने घेतलेली नोंद असावी असे मानण्यास जागा आहे. आफ्रिकी हत्तीच्या जनुकसंचात गंधग्राहकांची सुमारे 2,000 जनुके आहेत, माणसात कार्यक्षम अशी सुमारे 400. दोघांना एकाच रानात एकच जग दिसत असेल, असे समजणे चुकीचे ठरेल.

एकोणिसाव्या शतकापर्यंत रानहत्तींचे कळप पश्चिमेकडून ओसरले. जेम्स फोर्सिथ यांच्या 1871 च्या मध्य भारतावरील ग्रंथात रानहत्ती भेटतात ते पूर्वेकडे, बिलासपूरच्या जमीनदारीतील जंगलांत. पिढ्यान्‌पिढ्यांची पकड आणि शेतीखाली गेलेली दऱ्याखोरी ही त्यामागची कारणे मानता येतात. 1903 ते 1905 च्या दरम्यान बंगाल-नागपूर रेल्वेने अडीच फूट रुंदीचा नॅरो गेज मार्ग या भागातून नेला आणि साल-बांबूचे रान बाजाराला जोडले गेले.

शतक पालटले त्या सुमारास वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी कान्हाच्या रानातील बंजर नदीच्या खोऱ्यात एका संध्याकाळच्या फेरफटक्यात अकरा जातींचे सुमारे 1,500 प्राणी पाहिले, अशी नोंद त्यांच्या 1923 च्या ग्रंथात आहे. ही संपन्नता त्यांनी सांगितली आणि तिचा ऱ्हासही. बारशिंग्यांची येथील, कठीण जमिनीवर राहणारी उपजात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या हरणाची 1938 मध्ये सुमारे 3,000 मानली गेलेली संख्या 1970 मध्ये 66 वर आली होती, आणि जगात अन्यत्र कुठेही ही उपजात शिल्लक राहिली नव्हती. 1933 पासून शिकारबंदी, 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प अशा टप्प्यांनी कान्हा जपला गेला, कुंपणबंद आवारात बारशिंगे वाढवले गेले, तेव्हा आज त्यांची संख्या 1,000 च्या आसपास पोचली आहे. त्याच काळात कान्हाच्या आतली बैगा-गोंड गावे हलवली गेली आणि त्यांच्या उजाड शेतजमिनींची कुरणे झाली. कुरणांच्या या हिरवळीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वनसंरक्षणाच्या इतिहासकाराने नजरेआड करू नये.

वाघाच्या बाबतीत लामत्याच्या परिसराला एक विशेष योग आहे. वाघ झाडाच्या बुंध्यावर मागच्या बाजूने फवारतो त्या द्रवात गंधाबरोबर तेलकट स्निग्ध पदार्थ असतात आणि ते गंध धरून ठेवत असल्याने पावसाउन्हातही खूण काही दिवस टिकते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी, ओडिशातल्या जाशीपूर येथे पाळलेल्या खैरी वाघिणीचा अभ्यास करत, आयुष्याचा मोठा काळ या द्रवासाठी दिला. 1990 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यात 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन असल्याचे दाखवले. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः याच संयुगाचा असतो. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ त्याच सुवासिक गटातला. त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वैनगंगेच्या काठी चिन्नोर शिजत असताना दरवळणारा वास आणि बाजूच्या डोंगरात वाघाने आपल्या हद्दीवर ठेवलेली खूण यांच्यात एक समान रेणू असावा, ही गोष्ट या जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत शिकवली जावी इतकी मोलाची आहे.

हद्दीची ही गंधखूण शेजाऱ्याला सांगते की येथे कोण आहे, नर की मादी आणि किती दिवसांपूर्वी गेले. त्यामुळे प्राण्यांना टक्कर टाळता येते आणि तरुण वाघाला रिकामी जागा शोधता येते. मात्र खुणांची ही साखळी सलग रानातच टिकते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विष्ठेतील डीएनएच्या अभ्यासाने कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांमध्ये वनपट्ट्यांतून जनुकांची देवाणघेवाण चालू असल्याचे सिद्ध केले. लामत्यावरून जाणारा जुना मार्ग ब्रॉड गेज झाल्याने गाड्यांचा वेग आणि संख्या वाढू शकते, तेव्हा प्राण्यांना ओलांडता येईल अशा जागा ठेवणे ही गोष्ट रेल्वेच्या आराखड्याचाच भाग असणे अगत्याचे आहे.

हत्ती परत येत आहेत. 2018 मध्ये छत्तीसगडहून बांधवगडात आलेला कळप तेथेच स्थिरावला. 2021 मध्ये गडचिरोलीत उतरलेला कळप 2022 मध्ये गोंदिया जिल्ह्यात पोचला, म्हणजे लामत्याच्या लोहमार्गाच्या दक्षिण टोकाच्या जिल्ह्यात. कळपाच्या वाटा वृद्ध हत्तिणीच्या स्मरणात असतात आणि वाटेवरचे पाणी, पीक व माणूस यांचा अंदाज ती सोंडेने घेते. पण ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगडात दहा हत्ती मेले. त्यांनी खाल्लेल्या कोदो या भरड धान्यात बुरशीमुळे सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष तयार झाले होते. बालाघाटच्या पठारावरचे गोंड-बैगाही कोदो-कुटकी पिकवतात, आणि कोदो बुरशीने मातला की ते खाणाऱ्याला गुंगी येते, ही माहिती मध्य भारतातील कोदो खाणाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती माहिती, कापणी लवकर उरकण्याची सोय आणि नुकसानभरपाई वेळेवर हाती येण्याची खात्री या तिन्ही गोष्टी, लामत्याच्या आसपास एखादी हत्तीण आपला कळप घेऊन येण्याआधी गावात पोचायला हव्यात.