अ‍ॅडमिनच्या हातात नेमकं काय आहे?

आपल्या येवल्यात कांद्याच्या भावाचा ग्रुप आहे, पैठणी विणकरांचा आहे, गल्लीचा आहे, दहावीच्या बॅचचाही आहे. मीही एका ग्रुपचा अ‍ॅडमिन. सणवार किंवा निवडणूक जवळ आली की "अ‍ॅडमिनला जबाबदार धरलं जाईल" असे मेसेज फिरू लागतात. म्हणून म्हटलं, या जबाबदारीचा इतिहास एकदा नीट मांडावा.

सुरुवातीची कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपच्या अ‍ॅडमिनकडे दोनच कामाची बटणं होती. माणूस घ्यायचा, माणूस काढायचा. आत आलेल्या मेसेजचं तो काहीच करू शकत नव्हता. जून २०१८ च्या अखेरीस "फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवतील" ही सोय आली. म्हणजे एकाला गप्प करायचं तर अख्ख्या ग्रुपलाच कुलूप.

लगेच १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेले डवरी गोसावी समाजाचे भिक्षुक होते ते. त्याच दिवशी आपल्या शेजारच्या मालेगावातही तसाच जमाव जमला. तिथे पोलिसांनी पाच जणांना वाचवलं, त्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. त्या महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. सोय आली, पण माणसं गेल्यावर.

पुढचा टप्पा कोर्टातला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपमध्ये सदस्याने महिलेबद्दल घाण लिहिलं, गुन्हा अ‍ॅडमिनवरही दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं: अ‍ॅडमिनला घ्यायचा-काढायचा मर्यादित अधिकार, मेसेज पडण्याआधी तो अडवू शकत नाही. दोघांचा संगनमताचा बेत असेल तरच तो दोषी.

मग २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येऊ लागला. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. "माझ्या हातात काहीच नाही" हे आता पूर्ण खरं राहिलं नाही. मेसेज आधी अडवता येत नाही, पण दिसल्यावर काढता येतो.

याला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ च्या नावाने असं चालायचं, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तेव्हा नगरपालिकेवर टीका केली, पाण्याबद्दल विचारलं, की मेसेज उडव, हे अ‍ॅडमिनचं काम नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा याच येवल्यात केली. अनेकांना न पटणारं बोलणं या गावाने ऐकलेलं आहे.

म्हणून माझ्या ग्रुपचा नियम साधा आहे. अफवा, शिवीगाळ, एखाद्या समाजाविरुद्ध चिथावणी: दिसताक्षणी डिलीट, आणि का केलं ते ग्रुपवरच सांगायचं. टीका आणि प्रश्न: राहू द्यायचे. डिलीट कोणी केलं हे सगळ्यांना दिसतंच, मग कारण लपवायचं कशाला?

तुमच्या ग्रुपचा नियम काय? कमेंटमध्ये लिहा. अ‍ॅडमिन मंडळींनी तर जरूर.