महाराष्ट्रातील सवलतीची औषध दुकाने

महाराष्ट्रातील सवलतीची औषध दुकाने म्हणजे छापील कमाल किमतीपेक्षा कमी दराने औषधे विकणारी, अथवा मुळातच कमी किमतीची जेनेरिक औषधे ठेवणारी किरकोळ विक्रीची दुकाने होत. शासकीय योजनेतील जन औषधी केंद्रे, खासगी साखळी दुकाने आणि स्वतंत्र जेनेरिक दुकाने असे त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून शहरांत व उपनगरांत ही दुकाने जुन्या 'मेडिकल'च्या शेजारी, तर काही वेळा त्याच गाळ्यात उभी राहू लागली. अमेरिकेत बंद पडलेल्या औषध दुकानांच्या जागा सर्वसाधारण सवलत दुकानांकडे जातात व तेथील औषधविक्री थांबते. भारतात औषधविक्रीचा परवाना जागेशी व नोंदणीकृत औषधनिर्मात्याशी जोडलेला असल्यामुळे सवलतीचा व्यापार प्रामुख्याने औषध व्यवसायाच्या आतूनच वाढला.

कायदेशीर चौकट

औषधांची किरकोळ विक्री औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार चालते. महाराष्ट्रात परवाना देण्याचे व तपासणीचे काम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. किरकोळ विक्रीचे परवाने नमुना २० व नमुना २१ मध्ये दिले जातात. दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर असावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या, म्हणजेच फार्मासिस्टच्या, देखरेखीखालीच देता येतात. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ मध्येही हीच अट आहे.

परवान्यात दुकानाचा पत्ता नमूद असतो. दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवायचे असल्यास नव्या जागेसाठी परवाना घ्यावा लागतो. मालकीच्या रचनेत बदल झाल्यास जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने ग्राह्य राहतो. त्यामुळे एखादे मेडिकल बंद पडून तो गाळा किराणा किंवा इतर सवलत दुकानाने घेतला, तरी जागेबरोबर औषधविक्रीचा अधिकार हस्तांतरित होत नाही. नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये काही घरगुती औषधे विनापरवाना विकण्याची मुभा आहे. मात्र ती एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या व परवानाधारक विक्रेता नसलेल्या गावांपुरती मर्यादित आहे.

किंमत आणि नफ्याचे गणित

अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ अन्वये काढलेला औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ सध्या लागू आहे. यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या, किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या दरांची सरासरी काढून तीत विक्रेत्याचे १६ टक्के मिळवले जातात. यादीबाहेरील औषधांची किंमत उत्पादक ठरवतो. तीत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करता येत नाही. या औषधांवर घाऊक विक्रेत्याला १० व किरकोळ विक्रेत्याला २० टक्के नफा देण्याचा व्यापारी प्रघात आहे.

करपूर्व १०० रुपये कमाल किंमत असलेले यादीतील औषध या सूत्रानुसार किरकोळ विक्रेत्याला सुमारे ८६ रुपयांना पडते. त्यावर १० टक्के सूट दिल्यास त्याच्या हाती चार रुपयांहून कमी उरतात. गाळ्याचे भाडे, फार्मासिस्टचा पगार, शीतकपाटाचे वीजबिल आणि मुदत संपलेल्या मालाचा तोटा याच रकमेतून भागवावा लागतो. मोठी साखळी उत्पादकाकडून किंवा घाऊक विक्रेत्याकडून अधिक सूट मिळवू शकते व प्रसाधने, बाळांच्या वस्तू आणि पूरक आहार यांच्या विक्रीतून तूट भरून काढते. एकट्या दुकानदाराजवळ असा पर्याय क्वचितच असतो.

जेनेरिक औषधांचे गणित वेगळे आहे. वैद्यकीय प्रतिनिधी व जाहिरात यांवर खर्च न करता थेट व्यापाऱ्यांना विकल्या जाणाऱ्या औषधांत खरेदी दर आणि छापील किंमत यांतील अंतर पुष्कळ मोठे असू शकते. त्यामुळे दुकानदाराला मोठी सूट देऊनही नफा राहतो. छापील किंमतच वाढवून ठेवलेली असल्यास 'भरघोस सवलत' या फलकावरून औषध खरोखर किती स्वस्त आहे, हे ग्राहकाला समजत नाही.

इतिहास

सुभिक्षा

किराणा आणि औषधे एकाच सवलत दुकानात विकण्याचा मोठा प्रयोग सुभिक्षा या साखळीने केला. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ही साखळी पुढे मुंबई व पुण्यासह अनेक शहरांत पसरली. निवासी भागातील लहान गाळे, साधी मांडणी आणि छापील किमतीवर सूट ही तिची पद्धत होती. २००८ पर्यंत देशभरातील दुकानांची संख्या सुमारे १,६०० झाली. कर्जावर आधारलेल्या वेगवान विस्तारामुळे रोखतेची टंचाई निर्माण झाली आणि २००९ मध्ये साखळी कोसळली.

जन औषधी केंद्रे

केंद्र शासनाची जन औषधी योजना नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथील पहिल्या दुकानाने सुरू झाली. २०१६ मध्ये तिला प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना हे नाव मिळाले. ७ मार्च हा जन औषधी दिन म्हणून पाळला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवघर येथे दहा हजाराव्या केंद्राचे उद्घाटन झाले. नामांकित औषधांच्या तुलनेत येथील किमती साधारणतः ५० ते ८० टक्क्यांनी कमी असतात. केंद्रचालकाला करपूर्व विक्री किमतीवर २० टक्के नफा मिळतो. किंमत मुळातच कमी असल्याने हा नफा रुपयांत मोजला असता लहान ठरतो. म्हणून योजनेत केंद्रचालकांना प्रोत्साहनपर अनुदानही दिले जाते.

खासगी साखळ्या आणि ऑनलाइन विक्री

मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेली वेलनेस फॉरएव्हर ही साखळी चोवीस तास सेवेसाठी ओळखली जाते. ठाणे येथे सुरू झालेल्या जेनेरिक आधार या उपक्रमाने जुन्या औषध दुकानांनाच आपल्या नावाखाली आणण्याची पद्धत स्वीकारली. २०२० मध्ये त्यात रतन टाटा यांनी वैयक्तिक गुंतवणूक केली. त्याच वर्षी रिलायन्स रिटेलने नेटमेड्समध्ये, तर २०२१ मध्ये टाटा डिजिटलने वनएमजीमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीच्या काळात केंद्र शासनाने घरपोच औषधे देण्याची परवानगी दिल्यानंतर दुकानात न जाता औषधे मागवण्याची सवय वाढली.

औषधविक्रेत्यांची भूमिका

अखिल भारतीय औषधविक्रेता संघटनेने ऑनलाइन विक्री व तेथील मोठ्या सवलतींच्या विरोधात १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी बंद पाळला. भांडवलाच्या बळावर तोटा सोसून दिलेली सवलत लहान दुकानांना संपवते आणि चिठ्ठीची नीट पडताळणी होत नाही, असे संघटनेचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला, संघटनेने घाऊक विक्रेत्यांच्या नेमणुकीसाठी ना-हरकत पत्राचा आग्रह धरणे व नफ्याचे दर ठरवणे हे स्पर्धेला बाधक असल्याचे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ च्या आदेशात नमूद केले आणि दंड आकारला.

अमेरिकेतील स्थिती

अमेरिकेत औषधांच्या बिलांची प्रतिपूर्ती विमा व्यवस्थेतील मध्यस्थ कंपन्या ठरवतात. हे दर घटल्याने तेथील मोठ्या साखळ्याही अडचणीत आल्या. सीव्हीएसने २०२१ मध्ये तीन वर्षांत सुमारे ९०० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, तर वॉलग्रीन्सने २०२४ मध्ये १,२०० दुकानांबाबत तशीच घोषणा केली. राइट एडने ऑक्टोबर २०२३ मध्ये व पुन्हा मे २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि २०२५ मध्येच तिची उरलेली दुकाने बंद झाली. चौकातील मोक्याच्या या जागांना वाहनतळ असतो आणि त्यांचा आकार सवलत दुकानांना सोयीचा असतो. अशा दुकानात साबण, खाऊ व घरगुती वस्तू मिळतात, परंतु सहसा फार्मासिस्ट नसतो. त्यामुळे वस्तीतील दुकान चालू राहूनही औषधे दूर जातात.

लोणी काळभोर आणि पुण्याची उपनगरे

लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर महामार्गावर वसले आहे. २०२१ पासून येथील पोलीस ठाणे पुणे शहर पोलीस आयुक्तालयात आहे. इंधन कंपन्यांची साठवण केंद्रे, राजबाग परिसरातील एमआयटी कला, रचना व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विश्वराज रुग्णालय यांमुळे गावाचे रूप उपनगरासारखे झाले आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्कामही येथे असतो.

गावाची लोकसंख्या एक हजाराहून कितीतरी अधिक असल्याने अनुसूची 'के'मधील ग्रामीण मुभा येथे लागू होत नाही. एखाद्या मेडिकलचा गाळा किराणा दुकानाकडे गेल्यास तेथे साधी तापाची गोळीही विनापरवाना विकता येत नाही. तोच गाळा सवलतीच्या औषध दुकानाने घेतला, तर नव्या परवान्यानंतर औषधांची सोय कायम राहते.

परिणाम

मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या आजारांत दरमहा तीच औषधे घ्यावी लागतात. अशा कुटुंबांना सवलतीचा आणि जेनेरिक औषधांचा सर्वाधिक लाभ होतो. तीव्र आजारात मात्र दरापेक्षा दुकान जवळ असणे, उशिरापर्यंत उघडे असणे आणि हवे ते औषध शिल्लक असणे अधिक महत्त्वाचे ठरते. मासिक औषधांची खात्रीची विक्री साखळ्यांकडे व ऑनलाइन मंचांकडे वळली, की लहान दुकानाकडे तातडीची व किरकोळ खरेदी उरते. परिचयातील ग्राहकाला उधारी देणे आणि गोळ्यांची पट्टी कापून दोन-चार गोळ्या देणे या सोयीही अशा दुकानांशी निगडित आहेत.

जेनेरिक दुकानांपुढे आणखी एक अडचण असते. १९४५ च्या नियमांनुसार अनुसूची 'एच', 'एच१' व 'एक्स'मधील औषधांच्या चिठ्ठीवर विशिष्ट उत्पादन लिहिलेले असल्यास विक्रेत्याला स्वतःहून त्याऐवजी दुसरे उत्पादन देता येत नाही, मग घटक तोच असला तरी. त्यामुळे स्वस्त पर्याय शेजारच्या दुकानात असूनही तो रुग्णापर्यंत पोहोचणे बऱ्याच अंशी डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहिण्यावर अवलंबून राहते.

हेही पहा

जेनेरिक औषध
प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र
लोणी काळभोर