आंबागड आणि गायमुख : एका डोंगररांगेतील दोन पाण्यांची गोष्ट (थ्रेड)

पावसाळ्यात धबधबा पाहायचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीच येतो. भंडारा जिल्ह्यातील तुमसरचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक या धानाच्या सपाट प्रदेशात सातपुड्याची एक तुटक रांग उभी आहे, तिचे नाव आंबागड टेकड्या. एका दिवसाच्या पायपिटीत येथे दोन ठिकाणे पाहता येतात आणि दोन्हींचा इतिहास पाण्याभोवती फिरतो.

पहिले गायमुख. गाईच्या मुखासारख्या दिसणाऱ्या खडकातून येथे पाणी झरते. हा काही गर्जणारा प्रपात नव्हे; धार बारीकच, पण तिचे माहात्म्य मोठे. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते. पचमढीच्या महादेवाला त्रिशूळ घेऊन जाण्याची परंपरा विदर्भात जुनी आहे. त्याच भावनेने गायमुखाला लोक ‘छोटा महादेव’ म्हणतात.

दुसरे आंबागड, तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवरचा किल्ला. तो इ. स. १७०० च्या सुमारास राजा खान या पठाण सुभेदाराने बांधला असे मानले जाते. हा सुभेदार देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा. औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारलेला आणि पुढे नागपूर शहर वसवणारा तो हाच. गोंड राजा, पठाण सुभेदार आणि पायथ्याशी महादेवाची यात्रा! अठराव्या शतकातील विदर्भ आजच्या आपल्या साच्यांत बसत नाही, तो असा.

१७३९ मध्ये बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान मरण पावला. वारसाहक्काचा कलह पेटला, राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले आणि काही वर्षांतच देवगडची सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. आंबागडही गेला. भोसल्यांनी त्याचा उपयोग कैदखाना म्हणून केला.

येथे ती प्रसिद्ध आख्यायिका येते. देहदंडाच्या कैद्यांना गडावरील विहिरीचे विषारी पाणी पाजत आणि ते त्यानेच मरत, असे सांगतात. जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही ती नोंदवली आहे. गॅझेटियरमध्ये छापले म्हणजे सिद्ध झाले, ही आपल्या समाजमाध्यमी इतिहासाची जुनी खोड. तेथे मात्र ते ‘असे म्हणतात’ एवढ्यापुरतेच आहे.

जरा विचार करा. ज्या गडाचे पाणी प्राणघातक, तेथे पहारेकरी काय पीत असतील? तुरुंग म्हटला की शिबंदी आलीच, आणि शिबंदीला रोज घागरी लागतात. माझा तर्क असा की साचलेल्या, न उपसलेल्या पाण्याने आजारी पडून कैदी मरत असावेत. मृत्यू खरे, कारण रोगाचे, आणि लोकस्मृतीने त्याला शिक्षेचे रूप दिले. हा तर्कच आहे. पण आख्यायिका खोटी म्हणून फेकून देण्यापेक्षा तिच्यात कोणती भीती साठली आहे, हे पाहणे अधिक फलदायी.

खेद एवढाच की विहिरीच्या गोष्टीने बांधणाऱ्याचे नाव झाकून टाकले. गड पाहणाऱ्यांना भोसल्यांचा तुरुंग ठाऊक असतो. देवगडचे गोंड राज्य क्वचितच.

जाता जाता एक. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या एका खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ मध्ये ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते गोंडांवरूनच. किल्ल्याच्या ओळखीतून पुसले गेलेले नाव खडकाच्या ओळखीत मात्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

जाणार असाल तर श्रावणात जा. गायमुखाची धार तेव्हा भरात असते. गडावर पिण्याचे पाणी मात्र सोबत न्या; आख्यायिकेच्या भीतीने नव्हे, चढणीसाठी.